चाक उलटं फिरलं म्हणजे एलएसडी नाही, असं म्हणता येतं का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत सांगतो, म्हणजे आपण दोघं एकाच गोष्टीबद्दल बोलतोय याची खात्री होईल. तुम्ही निपाणीचे. गोव्यात एका घराच्या शेडमध्ये १९८७ ची पोर्शे ९४४ उभी आहे आणि ती तुम्हाला घ्यायची आहे. मालक म्हणतो, गाडीत लिमिटेड स्लिप डिफरन्शियल, म्हणजेच एलएसडी आहे, कंपनीतूनच आलेलं, म्हणून दीड लाख जास्त. (डिफरन्शियल म्हणजे इंजिनचा जोर दोन चाकांत वाटणारा आणि वळताना त्यांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा गिअरांचा संच.) तुम्ही सोबत नेलेल्या मेकॅनिकनं मागची दोन्ही चाकं उचलली, गाडी न्यूट्रल केली आणि एक चाक हातानं फिरवलं. दुसरं चाक उलट्या दिशेला फिरलं. मेकॅनिक म्हणाला, "साधंच आहे, मालक थापा मारतोय." मालकानं डिकीतला स्टिकर दाखवला, त्यावर २२० हा आकडा आहे, पोर्शेच्या यादीत तो एलएसडीचा. खोटं कोण बोलतंय, असं तुम्ही विचारताय.

कदाचित कोणीच नाही. मेकॅनिकनं जे बघितलं ते खरं, आणि मालक दाखवतोय तो कागदही खरा असू शकतो. गडबड प्रश्नातच आहे. "एलएसडी आहे का?" एवढं विचारून भागत नाही. आत आहे का, आहे तर कुठल्या जातीचं, आणि अजून काम करतंय का, हे तिन्ही वेगवेगळं शोधावं लागतं. चाक फिरवून यातल्या एकाचंच उत्तर मिळतं, तेही अर्धवट.

मी सत्तावीस वर्षं बेळगावच्या उद्यमबागेत गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलचंच काम करतो. निम्म्याहून जास्त कामं ट्रॅक्टर आणि ट्रकची, बाकी जीप, जिप्सी आणि अधूनमधून कोणाची तरी हौसेची जुनी गाडी. ९४४ हाताखालून गेल्या त्या एका हाताच्या बोटांवर मोजता येतील, हे आधीच सांगतो. पण क्राऊन, पिनियन, केज, स्टार पिनियन यांची भाषा सगळीकडं एकच असते: पिनियन इंजिनकडून जोर आणतो, क्राऊन हा त्यानं फिरणारा मोठा गिअर, केज हा क्राऊनला जोडलेला डबा, आणि स्टार पिनियन हे त्या डब्यातले छोटे गिअर.

तुमच्या भागात उसाचा ट्रॅक्टर सगळ्यांनी बघितलेला असतो, म्हणून तिथूनच सुरू करतो. पाऊस झालाय, काळी माती आहे, ट्रॉली भरलेली आहे. एक मोठं चाक चिखलात गरागरा फिरतंय आणि दुसरं कोरड्यावर असून गप्प उभं आहे. साध्या डिफरन्शियलचा स्वभावच तो: दोन्ही चाकांना तो सारखाच जोर देतो, आणि तो जोर घसरणाऱ्या चाकाला जितका पेलतो तितकाच. चिखलातल्या चाकाला काहीच पेलत नाही, म्हणून कोरड्यावरच्यालाही काही मिळत नाही. मग ड्रायव्हर टाचेनं डिफ-लॉकचं पेडल दाबतो, दोन्ही बाजू एक होतात आणि ट्रॅक्टर निघतो. वळायच्या आधी पाय काढायचा असतो, नाहीतर ट्रॅक्टर सरळच जातो आणि आतलं काहीतरी तुटतं. एलएसडी म्हणजे हेच पेडल, पण आपोआप आणि अर्धवट दाबलं जाणारं. पूर्ण बांधत नाही, आवळतं.

९४४ ला कंपनीकडून जे पर्यायी मिळायचं ते प्लेटांचं. केजमध्ये दोन्ही बाजूंना क्लचसारख्या प्लेटा, एक केजला अडकलेली आणि एक चाकाकडं जोर नेणाऱ्या सन गिअरला, अशा एकाआड एक. मधे दोन जाड रिंगा, त्यांना उतरत्या खाचा, आणि त्या खाचांत स्टार पिनियनचा दांडा बसतो. इंजिनानं जोर लावला की दांडा उतरणीवर चढतो, रिंगा बाजूला ढकलतो आणि प्लेटा दाबल्या जातात. जोर जास्त तर दाब जास्त. शिवाय प्लेटांच्या गठ्ठ्यात थोड्या फुगीर, बशीसारख्या चकत्या असतात. जोर नसतानाही त्या प्लेटा थोड्याशा दाबून ठेवतात. याला प्रीलोड म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, सगळा घोळ इथंच आहे.

२२० या पर्यायाबरोबर ४० टक्के हा आकडा येतो. बऱ्याच जणांना वाटतं की इंजिनची ४० टक्के ताकद दुसऱ्या चाकाला जाते. तसं नाही. दोन चाकांना मिळणाऱ्या जोरातला फरक एकूण जोराच्या ४० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो, असा त्याचा अर्थ. मागच्या दोन्ही चाकांना मिळून १०० जोर येत असेल तर एकाला ७० आणि दुसऱ्याला ३०, इथपर्यंत. साध्या डिफरन्शियलमध्ये ५०-५०, आणि एक चाक घसरलं की दोन्हीकडं शून्याच्या जवळ. ही जुनी गोष्ट आहे हं. १९३० च्या दशकात ऑटो युनियनच्या रेसच्या गाड्यांत ताकद इतकी झाली की आतलं चाक नुसतं जागेवर घासत राहायचं. तेव्हा फर्डिनांड पोर्शेंनी झेडएफ कंपनीकडून घसरण आवरणारं डिफरन्शियल करवून घेतलं. त्याच घराण्याची गाडी तुम्ही बघताय.

आता तुमच्या मेकॅनिकची चाचणी. न्यूट्रलमध्ये एक चाक फिरवलं आणि दुसरं त्याच दिशेला फिरलं, तर प्लेटा आवळलेल्या आहेत असं सहसा मानतात. उलट फिरलं तर प्रीलोड नाही, एवढंच कळतं. मुळातच साधं डिफरन्शियल असेल तर प्रीलोड नसणारच. पण इतक्या जुन्या एलएसडीत त्या बशीसारख्या चकत्या बसलेल्या असतात, प्लेटा झिजलेल्या असतात. तेही हातानं फिरवलं की साध्यासारखंच वागतं. म्हणजे तुमच्या मेकॅनिकनं "नाही" सांगितलं, तिथं "आत्ता हाताला जाणवत नाही" एवढंच म्हणायला हवं होतं. शिवाय प्रीलोड मेला तरी उतरणीच्या खाचा जागेवर असतात. इंजिनचा जोर आला की त्या प्लेटा थोड्याफार दाबतातच. हाताच्या जोराला तिथवर पोचताच येत नाही.

उलट बाजूची फसगतही होते. न्यूट्रलमध्ये केज मोकळा असतो, आत जाड, थंड ऑइल असतं, स्टार पिनियनच्या मागच्या वॉशरना घट्टपणा असतो. अशा वेळी साधं डिफरन्शियलही दुसरं चाक त्याच दिशेला हळूच फिरवून दाखवतं आणि माणूस खूश होतो. त्यात ९४४ ला हँडब्रेकचे शू मागच्या डिस्कच्या आतल्या ड्रममध्ये असतात. गाडी शेडमध्ये वर्षानुवर्षं उभी असेल तर एका बाजूचा शू चिकटलेला असतोच, आणि मग चाक कुठं जातं याला अर्थच राहत नाही. म्हणून न्यूट्रलवर मी कधीच निकाल देत नाही. आधी दोन्ही चाकं एकेक करून फिरवून बघतो, कुठं ब्रेक घासतोय का. मग गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकतो, इंजिन बंद. आता क्राऊन धरलेला आहे, केज हलू शकत नाही. साधं डिफरन्शियल असेल तर एक चाक सहज फिरेल आणि दुसरं तितक्याच सहज उलटं फिरेल. चांगलं एलएसडी असेल तर नुसत्या हातानं चाक सहजासहजी हलणार नाही. मधलं काही असेल, म्हणजे फिरतंय पण मधासारखं जड, एकसारखं ओढत, तर कान टवकारायचे.

याच्याही पुढचं मोजमाप टॉर्क रेंचनं, म्हणजे किती जोर लागतोय ते दाखवणाऱ्या पान्यानं होतं. पुढच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे. मागचं एकच चाक उचलायचं, दुसरं जमिनीवर. गाडी न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला. उचललेल्या चाकाची मधली टोपी काढली की ९४४ ला ३२ मिलिमीटरचा मोठा नट दिसतो. त्यावर सॉकेट लावायचा आणि आवळण्याच्या दिशेनं सावकाश ओढायचं. चाक फिरू लागताना आणि फिरत असताना रेंचवर किती जोर दिसतो तो लिहून ठेवायचा. त्या नटाचा स्वतःचा आवळ ४६० न्यूटन मीटर आहे, त्यामुळं या ओढण्यानं त्याला काही होत नाही. साध्या डिफरन्शियलला रेंच लावायचीच गरज पडत नाही, चाक हातानं जातं. एलएसडीला जो आकडा येईल तो त्या गाडीच्या मॅन्युअलमधल्या मर्यादेशी ताडून बघायचा. दोन-तीनदा करा. दरवेळी वेगळा आकडा आला किंवा मधेच अडकून सुटल्यासारखं झालं तर प्लेटा एकसारख्या झिजलेल्या नाहीत असं समजा.

इथं एक गोष्ट सांगतो. सहा-सात वर्षांपूर्वी खानापूरकडचा एक पोरगा जिप्सी घेऊन आला. मातीतल्या शर्यतीत पळवायचा. नुकतीच कोणाकडून तरी घेतली होती, विकणाऱ्यानं "मागं एलएसडी टाकलंय" म्हणून पैसे वाढवून घेतले होते. आम्ही चाकं उचलली, न्यूट्रलमध्ये फिरवलं, दुसरं चाक अगदी चोख त्याच दिशेला. पोरगा हसायला लागला. मी गिअरमध्ये टाकून पाईप लावून ओढलं, हाताचा सगळा जोर लावला, चाक तसूभर हललं नाही. तेव्हाच मला संशय आला. एलएसडी आवळतं, पण लांब पाईपला कुठंतरी सुटतं. गाडी बाहेर काढून आवारात गोल फिरवली तर मागचं चाक फरशीवर किंचाळत ओरखडे काढत होतं. डिफरन्शियल खाली घेतलं, केजच्या खिडकीतून बघितलं, तर स्टार पिनियन एकमेकांना वेल्डिंगनं चिकटवलेले. काळे, ओबडधोबड, ठिबकलेले वेल्ड. दात होते ते झाकले गेलेले. पोरगा कितीतरी वेळ काही बोललाच नाही. त्या गाडीत डिफरन्शियल नव्हतंच, नुसता जोडलेला दांडा होता. "दोन्ही चाकं एकाच दिशेला फिरली" एवढ्यावर पैसे मोजले की असं होतं.

जात ओळखणं का महत्त्वाचं, तेही बघा. सगळी एलएसडी प्लेटांची नसतात. व्हिस्कस प्रकारात सिलिकॉनचा जाड द्रव असतो. हळू फिरवलं तर साध्यासारखं, झटक्यात फिरवलं तर अडतं. टॉर्सेन प्रकारात फक्त गिअर असतात. एका चाकाला जितकी पकड मिळते त्याच्या काही पट जोर तो दुसऱ्याला देतो, पण एक चाक हवेत असलं तर शून्याची कितीही पट केली तरी शून्यच. आणि आपल्याकडं सगळ्यात जास्त दिसतं ते थारच्या मागच्या ॲक्सलमधलं मेकॅनिकल लॉकिंग. दोन चाकांच्या वेगात मिनिटाला साधारण १०० फेऱ्यांचा फरक पडला की ते एकदम लॉक होतं. हातानं तुम्ही त्या वेगाच्या जवळपासही जाऊ शकत नाही. म्हणजे थार उचलून चाक फिरवलं तर चांगलं चालणारं डिफरन्शियलही "नाही" म्हणणार. तुमच्या ९४४ मध्ये कंपनीचंच असेल तर प्लेटांचं. पण मधे कोणी दुसरं काही बसवलं असेल तर वरच्या चाचण्यांचा अर्थ बदलतो. मालकाला विचारा, गिअरबॉक्स कधी खाली आला होता का.

स्टिकरबद्दल. डिकीतल्या गालिच्याखाली स्टेपनीजवळ हा स्टिकर असतो आणि त्याचीच दुसरी प्रत सर्व्हिस बुकात असते. तीन आकडी पर्यायांचे नंबर ओळीनं छापलेले असतात, त्यातला २२० म्हणजे एलएसडी. त्याच स्टिकरवर चासी नंबर असतो, तो गाडीवरच्या नंबराशी ताडून बघा. पॅनेल बदललं जातं, स्टिकर दुसऱ्या गाडीचा असू शकतो. आणि नंबर जुळला तरी त्या दिवशी कारखान्यातून काय बाहेर पडलं एवढंच तो सांगतो. नंतरच्या जवळपास चार दशकांत गिअरबॉक्स बदलला गेला असेल, किंवा कोणी दुरुस्तीत एलएसडी काढून साधं बसवलं असेल, याचा त्या कागदाला पत्ता नसतो. मी असा कागद जन्मदाखल्यासारखा बघतो. माणूस जन्माला आला होता एवढंच त्यावरून कळतं, आज घरी आहे की नाही ते नाही.

चालवून बघायचं असेल तर थांबा, आधी एक सांगतो, कारण पैशाचा मोठा खड्डा इथं आहे. ९४४ च्या इंजिनात टायमिंग बेल्ट तुटला की पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात. शेडमध्ये उभ्या असलेल्या गाडीचा बेल्ट कधी बदललाय याचा पुरावा नसेल तर एलएसडी बघण्यासाठी इंजिनावर जोर टाकू नका. बेल्ट आणि बॅलन्स शाफ्टचा बेल्ट बदलून मगच. एलएसडीच्या नादात वाकलेले व्हॉल्व्ह पदरात पडलेले मी बघितलेत, वेगळ्या गाडीत, पण झालं तेच.

बेल्टची खात्री असेल तर मोकळी, सरळ, माणसं नसलेली जागा घ्या. एक मागचं चाक डांबरावर, दुसरं बाजूच्या सैल मुरुमावर. मालकाला चालवू द्या, तुम्ही बाहेर उभे राहा. आत बसून काही कळत नाही. पहिल्या गिअरमध्ये जरा ठाम निघायला सांगा. साधं असेल तर मुरुमातलं चाक मुरूम उडवत बसेल आणि गाडी आळसात निघेल. एलएसडी जिवंत असेल तर दोन्ही चाकं ओढतील, मागचा भाग किंचित बाजूला सरकेल, आणि मुरुमात लांब खड्डा पडणार नाही. चाकांच्या खुणा बघा, त्या खोटं बोलत नाहीत. पहिल्यांदा काही झालं नाही तर हँडब्रेक एक-दोन खुट्ट्या ओढून पुन्हा करायला सांगा. हँडब्रेकमुळं मागच्या चाकांना थोडा विरोध मिळतो, इंजिनचा जोर वाढतो, उतरणीच्या खाचा कामाला लागतात. प्रीलोड मेलेलं पण बाकी बरं असलेलं एलएसडी इथं जागं होतं. तुमच्या गाडीत मला सगळ्यात जास्त शक्यता याचीच वाटते, पण न बघता शपथ घेणार नाही.

गाडी गरम झाल्यावर एकदम लहान गोलात सावकाश फिरवा, ॲक्सिलरेटर न देता. प्लेटांचं एलएसडी कधीकधी मागून घर-घर, धडधड करतं. सीव्ही जॉइंट, म्हणजे चाकाकडं जाणाऱ्या दांड्याचा सांधाही वाजतो, पण तो चाकाच्या फेरीबरोबर टिक-टिक असा, आणि जोर दिल्यावर वाढतो. प्लेटांचा आवाज जडपणाचा, गाडी अडून सुटतेय असा वाटतो. कान सरावला की फरक कळतो. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला दोन्ही सारखेच वाटतील.

आणि हे नीट वाचा. एक चाक जॅकवर असताना गाडी चालू करून गिअरमध्ये कधीही टाकू नका. साध्या डिफरन्शियलला उचललेलं चाक नुसतं फिरतं, त्याचीच सवय हाताला असते. एलएसडीला जमिनीवरचं चाकही ओढतं. मी हेल्पर होतो तेव्हा एका प्लँटरची जुनी बीएमडब्ल्यू आली होती, मागच्या बेअरिंगचा आवाज म्हणून. डिफरन्शियलच्या कव्हरला पत्र्याची छोटी चिठ्ठी होती, तिच्यावर गुणोत्तराच्या आकड्याआधी 'एस' अक्षर. मी ते वाचलंही होतं. जर्मन भाषेत लॉकच्या डिफरन्शियलच्या नावातलं ते पहिलं अक्षर, हे मला कुठं ठाऊक. मी डावं चाक उचललं, चालू करून पहिला टाकला, क्लच सोडला. गाडी जॅकवरून उडी मारून समोरच्या वर्कबेंचला जाऊन धडकली. व्हाइस लावलेला होता म्हणून थांबली. माझ्या आणि बेंचच्या मधे कोणी नव्हतं, हे नशीब. वस्ताद बाहेरून आले, एक शब्द बोलले नाहीत. वाकडा झालेला जॅक उचलला, माझ्या हातात दिला आणि आत गेले. तो जॅक अजून माझ्याकडं आहे. नवीन पोरगा आला की पहिल्या दिवशी मी तो दाखवतो.

आत खरंच काय आहे हे न उघडता बघायचं असेल तर कॅमेरा घाला. मोबाइलला जोडायचा वायरचा कॅमेरा हल्ली हजार-दीड हजारात मिळतो. गिअरबॉक्सच्या ऑइल भरायच्या प्लगला आतून १७ मिलिमीटरचं षटकोनी भोक असतं, ॲलन की लागते, आणि ती आपल्याकडं सहसा कोणाकडं नसते. यावर उपाय सोपा आहे. जुन्या जर्मन मापाच्या १० मिलिमीटर बोल्टचं डोकं बरोबर १७ चं असतं. ते डोकं प्लगच्या भोकात घालायचं, वरच्या आट्यांवर दोन नट एकमेकांना कचकून आवळायचे, आणि वरच्या नटाला पाना लावून प्लग सोडवायचा. बोल्ट घेताना डोकं पान्यानं मोजून घ्या, नवीन मापाचं १६ असतं आणि ते घसरून प्लगची कड खातं. ऑइल भरायचा प्लग आधी सोडवायचा, ऑइल काढायचा प्लग नंतर. भरायचा निघालाच नाही तर ऑइल काढून बसलेली गाडी गोव्यातच राहील.

कॅमेऱ्यातून क्राऊन दिसेपर्यंत वायर वळवत राहा, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून दुसऱ्यांना मागची दोन्ही चाकं एकाच दिशेला हळू फिरवायला सांगा, नाहीतर केज फिरणार नाही. क्राऊनला जोडलेला केज दिसला की त्याचं तोंड बघायचं. साध्या केजला दोन मोठ्या खिडक्या असतात, आणि खिडकीतून स्टार पिनियनचे दात उघड्यावर दिसतात. प्लेटांच्या एलएसडीचा केज बंद डब्यासारखा असतो, गोल, खिडक्या नसलेला, फार तर ऑइल जायला लहान फटी. एक फेरी पूर्ण झाली आणि पिनियनचे दात कुठंच दिसले नाहीत, तर तुमच्या मालकाचा कागद खरा. हे बघायला साइड कव्हर मात्र काढू देऊ नका. त्याच्या आत केजच्या बेअरिंगला शिम, म्हणजे मापाच्या पातळ चकत्या असतात. त्यांच्यावर क्राऊन-पिनियनमधली फट ठरते. हौसेनं काढून अंदाजानं बसवलेलं कव्हर म्हणजे दोन महिन्यांत रडणारा गिअरबॉक्स.

जाता जाता मागचे दोन टायर बघा. एकाच मापाचे, एकाच कंपनीचे आणि सारखेच झिजलेले आहेत का. एक नवा आणि एक गुळगुळीत असेल तर त्यांच्या घेरात फरक पडतो, आणि सरळ रस्त्यावरही प्लेटा सतत एकमेकांवर घासत राहतात. वर्षानुवर्षं असे टायर घातलेल्या गाडीचं एलएसडी कागदावर कितीही छान असो, मी ते संपलंय असं धरूनच भाव करतो.

भावाचं म्हणाल तर माझं मत सरळ आहे, पटलं तर घ्या. केज बंद दिसला, चालवताना दोन्ही चाकं ओढताना दिसली आणि रेंचवर मर्यादेतला आकडा आला, तर दीड लाखात मी फार घासाघीस करणार नाही. केज बंद पण प्रीलोड मेलेलं, तर त्यातून गिअरबॉक्स खाली घेण्याची मजुरी आणि बाहेरून मागवायच्या प्लेटांचा खर्च वजा झाला पाहिजे. मग दीड लाखातलं फारसं काही उरत नाही. केजला खिडक्या दिसल्या तर साध्याचा भाव. आणि मालक कॅमेरासुद्धा घालू देत नसेल तर तोही भाव साध्याचाच. तुम्ही रविवारी आंबोलीच्या घाटातून सावकाश जाणार असाल तर साध्या डिफरन्शियलची ९४४ काही कमी पडत नाही. गिअरबॉक्स मागं असल्यानं मागच्या चाकांवर वजन चांगलं असतं, ती पकड धरून चालते. शर्यतीत उतरणार असाल तर गोष्ट वेगळी, पण मग जुन्या प्लेटांवर भरवसा ठेवायचाच नाही.

गोव्याला परत जाणार असाल तर चोर्ला घाटानं जा आणि जाताना उद्यमबागेत थांबा. १७ चं डोकं असलेला बोल्ट आणि त्याचे दोन नट मी एका डबीत ठेवलेत, घेऊन जा. डबी तेवढी परत आणून द्या.